मावशींचं नाव काय?

ऑफिसचा वाय-फाय पासवर्ड पाठ. बॉसच्या कुत्र्याचं नाव पाठ. पण रोज सकाळी आपलं डेस्क पुसणाऱ्या बाईंचं नाव? अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी कॅम्पसपासून आपल्या पॅन्ट्रीपर्यंत, 'न दिसणाऱ्या' स्टाफच्या कौतुकाची ही गोष्ट.

सोमवारची सकाळ. एक छोटीशी क्विझ घेऊया. गूगल करायचं नाही, शेजारच्याला विचारायचं नाही.

प्रश्न पहिला : तुमच्या मजल्यावरचा एसी बंद पडला की तो दुरुस्त करायला कोण येतं?

प्रश्न दुसरा : तुम्ही साडेनऊला पोचता तेव्हा फरशी कोरडी असते. मग ती पुसली कधी जाते?

प्रश्न तिसरा : पॅन्ट्रीतल्या मावशींचं नाव काय?

तिसऱ्या प्रश्नाला अडखळलात ना? लाजू नका, बहुतेक सगळेच अडखळतात. कारण आपल्याकडे एक मस्त सोय आहे. आपण 'मावशी' म्हणतो, 'काका' म्हणतो, 'दादा' म्हणतो. ऐकायला किती गोड! परदेशात कुठे असतं हे? पण खरं सांगू? मावशी म्हटलं की नाव विचारायची गरजच उरत नाही. नातं जोडल्याचं समाधान आपल्याला, आणि त्या मात्र वर्षानुवर्षं बिननावाच्या.

कॅम्पसचं बॅकस्टेज

अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या युनिव्हर्सिटीत 'फॅसिलिटीज' नावाचं एक डिपार्टमेंट असतं. आपल्याकडे त्यालाच कुठे एस्टेट विभाग म्हणतात, कुठे बांधकाम विभाग, तर कुठे नुसतंच 'मेंटेनन्स'. सफाई कर्मचारी, माळी, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, कुलपं-किल्ल्या सांभाळणारे, बॉयलर आणि एसीचे प्लांट चालवणारे, सगळे यातच. कॅम्पस म्हणजे एक छोटं शहरच असतं आणि हे लोक त्या शहराची म्युनिसिपालिटी. बर्फ पडून क्लासेस रद्द झाले की स्टुडंट्स ब्लँकेटमध्ये, आणि यांची ड्युटी मात्र पहाटे फावडं घेऊन सुरू.

यांच्या कामाचं तिथे शास्त्रही आहे. 'अप्पा' (हो, नाव खरंच असं आहे!) ही शिक्षणसंस्थांच्या फॅसिलिटीज सांभाळणाऱ्यांची संघटना १९१४ पासून आहे. तिने स्वच्छतेच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्यात. पहिली पायरी म्हणजे एकदम चकाचक, पाचवी म्हणजे पार वाऱ्यावर सोडलेली जागा. माणसं कमी केली की इमारत कितव्या पायरीवर घसरणार, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. थोडक्यात काय, तर झाडू मारणं हे 'कुणीही करेल' असं काम नाही. त्यालाही मनुष्यबळ लागतं, ट्रेनिंग लागतं, प्लॅनिंग लागतं.

अशा डिपार्टमेंट्समध्ये 'स्टाफ न्यूज' नावाचा एक साधासुधा प्रकार असतो. नवीन कोण लागलं, कुणाला प्रमोशन मिळालं, कुणाची १० वर्षं झाली, कुणाची २५, कोण रिटायर होतंय, कुठल्या प्रोफेसरने थँक यू म्हणून चिठ्ठी पाठवली. वाचायला जरा बोअरच. पण ज्याचं नाव छापून येतं त्याला विचारा! घरी नेऊन दाखवण्यासारखा कागद असतो तो.

हीरो व्हायची अट

आपल्या डोक्यातला युनिव्हर्सिटीचा सफाई कामगार म्हणजे 'गुड विल हंटिंग'मधला मॅट डेमन. १९९७ च्या या सिनेमात एमआयटीत फरशी पुसणारा पोरगा फळ्यावरचं अवघड गणित सोडवतो आणि सगळ्यांचे डोळे विस्फारतात. मस्तच सिनेमा. पण एक प्रश्न उरतोच. गणित सोडवलं नसतं तर? तर तो फक्त फरशी पुसणारा पोरगा राहिला असता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

खऱ्या आयुष्यातही अशी गोष्ट घडलीय. गाच फिलिपाय हा मूळचा माँटेनिग्रोचा. बेलग्रेडमध्ये कायद्याचं शिक्षण घेत असताना युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं आणि १९९२ मध्ये त्याला देश सोडावा लागला. न्यूयॉर्कला आला तेव्हा इंग्रजीची बोंब होती. पुढे कोलंबिया युनिव्हर्सिटीत सफाईचं काम मिळालं. तिथल्या कर्मचाऱ्यांना फीशिवाय शिकता येतं, हे त्याला कळलं आणि त्याने ते मनावर घेतलं. आधी इंग्रजी, मग एकेक कोर्स. दिवसा लेक्चर, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत ड्युटी. तब्बल १२ वर्षांनी, मे २०१२ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी त्याने ऑनर्ससह डिग्री घेतली. विषय? क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक आणि लॅटिन!

आपल्याकडेही २०१९ मध्ये दिल्लीच्या जेएनयूमधले सिक्युरिटी गार्ड रामजल मीणा यांनी ड्युटी सांभाळून एन्ट्रन्स दिली आणि रशियन भाषेच्या बीएला प्रवेश मिळवला. ज्या गेटवर उभं राहायचं त्याच गेटातून स्टुडंट म्हणून आत. सलाम!

पण जरा थांबा. या दोन्ही बातम्या आपल्यापर्यंत का पोचल्या? कारण ही माणसं आपल्यासारखी 'शिकलेली' झाली. ज्याने २५ वर्षं रात्रीची पाळी करून बॉयलर एकदाही बंद पडू दिला नाही, त्याची बातमी होत नाही. त्याने ग्रीक शिकायलाच पाहिजे का? फिलिपायच्या गोष्टीतला मोठा मुद्दा त्याच्या हुशारीइतकाच युनिव्हर्सिटीच्या नियमात आहे. शिकायची सोय झाडू मारणाऱ्यालाही होती, म्हणून तो शिकला. कौतुक असं पॉलिसीत उतरलं की त्याला वजन येतं.

एक पोस्ट, एक पाकीट

कधीकधी कौतुकाची सुरुवात मॅनेजमेंटकडून होत नाही, रात्री अभ्यास करत बसलेल्या एखाद्या पोराकडून होते. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीत भारतीय वंशाच्या फेबिन बेलामीचं असंच झालं. बिझनेस स्कूलच्या इमारतीत रात्री तो अभ्यास करत असे आणि ओनील बॅचलर नावाचे जमैकाचे गृहस्थ तिथे सफाई करत. आधी नुसती मान हलवायची, मग हाय-हॅलो, मग गप्पा. फेबिनच्या लक्षात आलं की या माणसाला स्वतःचा धंदा उभारायचाय, याचीही स्वप्नं आहेत, आणि आपण रोज याच्या बाजूने असेच निघून जातोय. त्यातून २०१६ मध्ये 'अनसंग हीरोज' नावाचं फेसबुक पेज सुरू झालं. एक फोटो, एक नाव, एक गोष्ट. पोरांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक एकमेकांना नावाने हाक मारायला लागले. पुढे कॅन्टीनमधल्या एका कॅशियरला साउथ सुदानमधल्या कुटुंबाला भेटता यावं म्हणून साडेपाच हजार डॉलर्सच्या वर वर्गणी जमली.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या हर्मन गॉर्डनची गोष्टही अशीच. कायम हसतमुख, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक स्टुडंटशी दोन शब्द बोलणारा हा क्लीनर. परीक्षेच्या टेन्शनमध्ये त्याच्याशी बोलून बरं वाटतं, असं कुणीतरी नाव न सांगता ऑनलाइन लिहिलं. बघता बघता पोरांनी दीड हजार पाउंड जमवले आणि जून २०१८ मध्ये त्याच्या हातात पाकीट ठेवलं. जा, जमैकाला घरच्यांना भेटून ये! पाकीट उघडून त्याला रडू कोसळलं, तो व्हिडिओ जगभर फिरला.

आठवतंय? २००३ मध्ये आपल्या मुन्नाभाईने मेडिकल कॉलेजात फरशी पुसणाऱ्या, सतत करवादणाऱ्या त्या म्हाताऱ्या चाचांना मिठी मारली होती. अख्खं थिएटर हळवं झालं होतं. ब्रिस्टलच्या पोरांनी तीच झप्पी पाकिटात घालून दिली.

टाळ्यांनी पोट भरत नाही, बॉस!

इथवर वाचून डोळे पाणावले असतील तर आता ते पुसा. कारण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पाच वर्षांची पिन, महिन्याचा बेस्ट एम्प्लॉयी, भिंतीवर फोटो, हे सगळं छानच. पण पगार?

२००१ च्या एप्रिलमध्ये हार्वर्डच्या स्टुडंट्सनी नेमका हाच प्रश्न विचारला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत युनिव्हर्सिटीतले सफाई कामगार आणि गार्ड्स यांना त्या शहरात धड जगताही येणार नाही एवढी मजुरी का? त्यांची मागणी होती तासाला किमान १० डॉलर २५ सेंट. पोरं सरळ प्रेसिडेंटचं ऑफिस असलेल्या मॅसॅच्युसेट्स हॉलमध्ये घुसली आणि ठाण मांडून बसली. एकदोन दिवस नाही, चांगले २१ दिवस! शेवटी युनिव्हर्सिटीने कमिटी नेमली आणि २००२ मध्ये सफाई कामगारांचे पगार वाढले. या पोरांनी केक कापला नाही की गुलाब दिला नाही. पण कौतुक म्हणाल, तर यापेक्षा मोठं कौतुक कुठलं?

आपल्याकडे तर आणखी एक गाठ आहे. काही विद्यापीठांत वर्धापनदिनाला गुणवंत सेवकांचा सत्कार होतो, निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळतं, निरोपाचं भाषण होतं. पण हे सगळं कायम नोकरीतल्यांसाठी. ठेकेदाराकडून आलेल्या माणसाचं काय? तो दहा वर्षं तीच फरशी पुसतो, पण हजेरीपटावर दुसऱ्याच कंपनीचा. टेंडर बदललं की युनिफॉर्मचा रंग बदलतो आणि त्याची सर्व्हिस बरेचदा शून्यापासून सुरू होते. त्याची २५ वर्षं मोजणार कोण? तुमच्या-आमच्या चकाचक ऑफिसातही हीच गत आहे. टाउन हॉलमध्ये 'वी आर अ फॅमिली'ची स्लाइड झळकते, आणि ती पाहायला आलेल्यांना चहा देणारे काका त्या फॅमिलीत नसतात.

२२ मार्च २०२० ची संध्याकाळ आठवा. पाच वाजता बाल्कनीत उभं राहून आपण सगळ्यांनी टाळ्या-थाळ्या वाजवल्या होत्या. मनापासून वाजवल्या होत्या, त्यात खोटं काही नव्हतं. पण त्यानंतर आपल्या सोसायटीतल्या, ऑफिसातल्या किती सफाई कामगारांची नावं आपल्याला कळली?

खराट्याचं विद्यापीठ

गंमत बघा, हातात खराटा घेतलेल्या माणसाच्या नावाचं विद्यापीठ आपल्याच महाराष्ट्रात आहे. अमरावतीचं. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग संध्याकाळी कीर्तन. सत्कार-बित्कार त्यांना नकोच असायचा. दिवसा रस्ता झाडायचा आणि रात्री लोकांच्या डोक्यातली जळमटं. आपण त्यांचं नाव विद्यापीठाला दिलं, स्वच्छता अभियानाला दिलं. आता त्यांचं काम रोज करणाऱ्यांना निदान त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखायला काय हरकत आहे?

हे करून बघा!

• नाव विचारा, आणि लक्षात ठेवा. मग 'मावशी' म्हणायचं सोडू नका. 'शांतामावशी' म्हणा, 'सुनीलदादा' म्हणा. नाव आणि नातं, दोन्ही.

• थँक्यू नेमकं द्या. 'छान काम करता' यापेक्षा 'परवा पावसाचं पाणी आत आलं तेव्हा तुम्ही लवकर येऊन सगळं आवरलंत, फार बरं झालं' हे जास्त पोचतं.

• ऑफिसच्या बर्थडे लिस्टमध्ये आणि वर्क अ‍ॅनिव्हर्सरीच्या मेलमध्ये हाऊसकीपिंग, सिक्युरिटी आणि मेंटेनन्सची नावं घाला. एचआरला विचारून बघा. नाही म्हणालेच तर का नाही, तेही विचारा.

• केक उरला म्हणून देऊ नका. कापायच्या वेळेलाच बोलवा.

• फरशी ओली असेल तर दोन मिनिटं थांबा. हे फुकट आहे.

• आणि जरा धीर करून अ‍ॅडमिनला विचारा : यांचा पगार वेळेवर होतो का? पीएफ भरला जातो का? आजारी पडले तर सुट्टी मिळते का? हार्वर्डच्या पोरांनी २१ दिवस ठाण मांडलं, तुम्हाला फक्त एक मेल टाकायचाय.

तर मंडळी, उद्या सकाळी कॉफीचा मग घेताना तो तिसरा प्रश्न पुन्हा सोडवा. उत्तर कुठल्याही साइटवर मिळणार नाही. पॅन्ट्रीत जाऊनच विचारावं लागेल. आणि हो, उलटी तयारीही ठेवा. तुमचं नाव, तुमची बिनसाखरेची कॉफी आणि गुरुवारचा तुमचा उपास, हे सगळं त्यांना केव्हाचं पाठ असतं.