औषधानंतरचे जुलाब

वागळे इस्टेटीत कारखान्यात असलेला आपला माणूस न्यूमोनियाने इस्पितळात पडला, आणि तुम्ही गावाहून ठाण्यास त्याच्या उशाशी येऊन बसलात, असे समजा. प्रतिजैविकाने ताप उतरतो. मग एकाएकी जुलाब लागतात. घरचे म्हणतात, इस्पितळाचे जेवण बाधले. तसे असेलही! पण दाट पिकात तणाला जागा मिळत नाही ना? आतड्यातले चांगले जंतू असेच वाईटांना थोपवून धरतात. औषधाने ते पीकच कापले, की ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ हा जंतू माजतो नि त्याच्या विषाने आतडे सुजते. हा जंतू १९३५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत सापडला होता; औषधानंतरच्या जुलाबांशी त्याचे नाते कळायला १९७८ उजाडले.

पासष्टी उलटलेल्या, फार दिवस खाटेवर असलेल्या माणसाच्या हे जिवावरही बेतते. आम्लपित्ताच्या काही गोळ्यांनीही धोका वाढतो. तेव्हा जुलाब थांबवायची गोळी परस्पर आणून देऊ नका. दिवसात तीनदा पातळ झाले, की नर्सबाईंना सांगा. आधी गावात घेतलेल्या गोळ्यांची पाकिटेही दाखवा. घरी परतल्यावर काही आठवड्यांनीही हे उद्‌भवू शकते. आणि गुरुजी, मुलांनाही सांगा: याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. रोग्याचे भांडे उचलल्यावर हात साबण लावून वाहत्या पाण्याखालीच धुवायचे.