उत्प्रेरक आला म्हणजे प्रक्रिया हिरवी झाली?

गैरसमज: धातूचा उत्प्रेरक वापरला की औषधनिर्मिती आपोआप पर्यावरणपूरक होते.

वस्तुस्थिती: सगळ्या टप्प्यांचा हिशेब मांडल्याशिवाय हे ठरत नाही. आयबुप्रोफेन ही घरोघरची वेदनाशामक गोळी घ्या. बूट्स कंपनीची मूळ पद्धत सहा टप्प्यांची होती. तिच्यात कच्च्या मालातला वजनाने जेमतेम 40 टक्के भाग औषधात उतरायचा. 1992 मध्ये टेक्सासमधल्या बिशप इथे तीन टप्प्यांची पद्धत सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात निकेलवर हायड्रोजन जोडतात आणि तिसऱ्यात पॅलेडियमच्या मदतीने कार्बन मोनॉक्साइडचा रेणू नेमक्या जागी बसवतात. प्रमाण 77 टक्क्यांवर गेलं. सोबत तयार होणारं ॲसिटिक आम्ल वापरात आणलं तर ते 99 टक्क्यांच्या आसपास जातं. पण पहिल्या टप्प्याला हायड्रोजन फ्लोराइड लागतं आणि ते अत्यंत घातक आहे. ते परत मिळवून पुन्हा वापरतात, म्हणून हा हिशेब जमतो. हे श्रेय एकट्या पॅलेडियमला देणं मला चुकीचं वाटतं.

गैरसमज: लोह, निकेल, तांबं चांगले, पॅलेडियम, इरिडियम वाईट.

वस्तुस्थिती: दुर्मीळ धातूंचं खाणकाम प्रदूषणकारी आहे, हे खरंच. पण किती धातू लागतो, हेही पाहावं लागतं. मेटोलाक्लोर या तणनाशकाच्या निर्मितीत इरिडियम उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे दहा लाखांहून अधिक रेणू घडवता येतात. उलट निकेल स्वस्त असलं तरी त्याची संयुगं कर्करोगकारक आहेत.

शिवाय काम नक्की कोण करतंय, हेही तपासावं लागतं. 2003 मध्ये निकोलस लेडबीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनचे दोन तुकडे जोडणारी सुझुकी अभिक्रिया कोणत्याही संक्रमण धातूविना झाल्याचं प्रसिद्ध केलं. ही अभिक्रिया एरवी पॅलेडियमवर चालते, त्यामुळे खळबळ उडाली. 2005 मध्ये त्याच गटाने खुलासा केला: बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात सुमारे 50 भाग इतकं पॅलेडियम होतं आणि तेवढंही पुरत होतं. स्वतःचाच निष्कर्ष इतक्या चिकाटीने तपासणं मला मूळ शोधाहून मोलाचं वाटतं. 2009 मध्ये स्टीफन बुकवाल्ड आणि कार्स्टन बोल्म यांनी लोहाच्या नावावर जमा असलेल्या काही अभिक्रियांमागे तांब्याचा अंश असल्याचं दाखवलं.

गैरसमज: गोळीत धातू उरतो आणि तो शरीराला बाधतो.

वस्तुस्थिती: अंश उरू शकतो, म्हणूनच मर्यादा आखलेली आहे. पोटात घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमहून जास्त पॅलेडियम जाता कामा नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्व सांगतं. ही मर्यादा पाळण्यासाठी शुद्धीकरणात द्रावक आणि ऊर्जा खर्च होते. तो खर्चही प्रक्रियेच्याच नावे लिहायला हवा.

मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनच्या बाबतीत तो लिहिला गेला. त्यातल्या एका टप्प्याला ऱ्होडियम आणि उच्च दाबाचा हायड्रोजन लागायचा. मर्क आणि कोडेक्सिस यांनी त्याजागी मुद्दाम घडवलेलं विकर आणलं आणि टाकाऊ पदार्थ 19 टक्क्यांनी घटले.