हा आळस नव्हे

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों असतां त्याचे वडील म्हणाले, "मास्तर, हा दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो. आपणच चार शब्द सांगा." मुलगा छिन्नमनस्कतेनें, म्हणजे स्किझोफ्रेनियानें, पीडित. औषधांनीं भास थांबले. उत्साह मात्र परतला नाहीं. मीं त्यास उद्योगाचें महत्त्व सांगितलें. आज त्या उपदेशाची मला लाज वाटते.

स्वित्झर्लंडमधील डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनीं १९०८ सालीं या विकारास हें नांव दिलें. रोग्याची सुख भोगण्याची शक्तीच लोपते, अशी पुष्कळ काळ समजूत होती. परंतु १९९६ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅन क्रिंग व जॉन नील या संशोधकांनीं रोग्यांस चित्रपटांतील प्रसंग दाखविले, तेव्हां निराळेंच दिसलें. चेहऱ्यांवर भाव फारसे उमटले नाहींत. पण काय वाटलें हें विचारतां त्यांनीं इतर माणसांइतक्याच भावना सांगितल्या. पुढील अभ्यासांतून असेंही सुचलें कीं, अनेक रोग्यांस हातीं आलेलें सुख गोडच लागतें. उणीव असते ती येणाऱ्या सुखाच्या चाहुलीची.

आपले नैयायिक प्रवृत्तीचें कारण 'इष्टसाधनताज्ञान' मानतात. अमुक केल्यानें मला इष्ट तें लाभेल, हें कळलें कीं इच्छा होते आणि इच्छेमागून यत्न. ही पहिलीच कडी निखळली, तर मनुष्यानें हात उचलावा कशासाठीं? आळशास सुख दिसतें, कष्ट तेवढे नको असतात. या मुलास पुढचें सुखच दिसत नाहीं.

परवां मीं उपदेश केला नाहीं. वहाणा त्याच्यापुढें ठेवल्या आणि म्हटलें, "चल बाळ, मीही येतों." घाटावर बसून आम्हीं शेंगा खाल्ल्या. परततांना तो आपण होऊन म्हणाला, "बरें वाटलें." दुसऱ्या दिवशीं मात्र पुन्हां "नको"च! तेव्हां कालच्या शेंगांची आठवण दिली. तो हळूहळू उठला.

वाचकहो, आपल्या घरीं असा कोणी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध चालूं ठेवावें. परंतु या निरिच्छतेवर औषधाचा फारसा इलाज चालत नाहीं, हेंही जाणावें. तेथें घरच्या माणसांचीच सोबत हवी. त्याला दिसत नसलेलें उद्यांचें सुख आपण त्याच्यासाठीं पाहावें, आणि तेथवर त्याच्याबरोबर चालत जावें.