ग्रंथप्रक्रिया

ग्रंथालयात नव्याने आलेले पुस्तक, नियतकालिक किंवा अन्य वाचनसाहित्य वाचकाला देण्यायोग्य करण्यासाठी जी कामे क्रमाने केली जातात, त्यांना ग्रंथप्रक्रिया असे म्हणतात. दाखल नोंद, वर्गीकरण, तालिकीकरण (सूची तयार करणे) आणि पुस्तकाची बाह्य सज्जता हे तिचे चार प्रमुख टप्पे होत. खरेदीमुळे पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचे होते. वाचकाला ते सापडणे मात्र या प्रक्रियेवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा १८२८ साली रत्नागिरी येथे स्थापन झालेल्या ग्रंथालयापर्यंत मागे जाते. मराठी ग्रंथांच्या जतनासाठी ठाणे येथे १८९३ मध्ये आणि मुंबई येथे १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. बडोदे संस्थानाचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानातील ग्रंथालयांची शास्त्रशुद्ध मांडणी करविली. डॉ. शि. रा. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये आणि तालिकीकरणाची नियमावली १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळते. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण दिले जाते.

दाखल नोंद

ग्रंथालयात पुस्तके खरेदी, देणगी, शासकीय योजना आणि राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानासारख्या संस्थांचे साहाय्य अशा मार्गांनी येतात. आलेली पुस्तके प्रथम देयकाशी ताडून पाहिली जातात. पाने उलटी किंवा गहाळ असल्यास प्रत विक्रेत्याकडे परत पाठविली जाते. शिक्के उमटल्यावर आणि नोंद झाल्यावर पुस्तक बदलून मिळणे कठीण होते, म्हणून ही तपासणी आधी करतात.

त्यानंतर दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीस स्वतंत्र दाखल क्रमांक दिला जातो. एकाच कादंबरीच्या तीन प्रती आल्यास तीन क्रमांक पडतात. लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठसंख्या, किंमत, विक्रेता आणि देयकाचा तपशील या वहीत लिहिला जातो. हाच क्रमांक शीर्षकपृष्ठावर व ग्रंथालयाने ठरविलेल्या एका आतील पानावर घातला जातो. या पानास ‘गुप्त पान’ म्हणतात. पहिली पाने फाडली गेली तरी त्यावरून पुस्तकाची ओळख पटते.

वर्गीकरण

समान विषयाची पुस्तके फडताळात एकत्र यावीत, यासाठी प्रत्येक पुस्तकास वर्गांक दिला जातो. अनेक ग्रंथालये मेलव्हिल ड्यूई यांची १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेली दशांश वर्गीकरण पद्धती वापरतात. या पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असून कवितेसाठी ८९१.४६१, नाटकासाठी ८९१.४६२ आणि कथा-कादंबरीसाठी ८९१.४६३ असे उपवर्ग आहेत. वर्गांकाला लेखकाच्या व शीर्षकाच्या आद्याक्षरांची जोड दिली की पुस्तकाची फडताळातील जागा निश्चित होते. या जोडाला बोधांक म्हणतात.

पुस्तकाला फडताळात एकच जागा देता येत असल्याने वर्गीकरणात निवड करावी लागते. ‘ज्ञानेश्वरी’ ही भगवद्गीतेवरील टीका म्हणून धर्मविषयक ग्रंथांत २९४.५९२४ या गीतेच्या वर्गाखाली ठेवता येते. मराठी काव्य म्हणून ती ८९१.४६१ मध्येही बसते. कोणताही निर्णय घेतला तरी तो लिहून ठेवून पुढील सर्व प्रतींना व आवृत्त्यांना लागू करणे आवश्यक असते. तसे न झाल्यास एकाच ग्रंथाच्या प्रती दोन ठिकाणी विखुरतात.

तालिकीकरण

फडताळात जागा एक असली, तरी तालिकेत त्याच पुस्तकाच्या अनेक नोंदी करता येतात. लेखक, शीर्षक, विषय, संपादक, अनुवादक आणि ग्रंथमाला यांपैकी वाचकाला जे ठाऊक असेल त्यावरून पुस्तक शोधता यावे, हा या नोंदींचा हेतू असतो.

मराठी ग्रंथांच्या तालिकीकरणात टोपणनावांचा प्रश्न वारंवार उद्भवतो. ‘विशाखा’ हा काव्यसंग्रह कुसुमाग्रज या नावाने, तर ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकर या नावाने प्रसिद्ध आहे. राम गणेश गडकरी यांची कविता गोविंदाग्रज आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने आढळते. अशा वेळी एका नावाकडून दुसऱ्या नावाकडे नेणारी संदर्भ नोंद करावी लागते. ती नसल्यास ‘शिरवाडकर’ हे नाव शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे काव्यसंग्रह ग्रंथालयात नाहीत असे वाटू शकते. आधुनिक लेखकांची नोंद सामान्यतः आडनावाखाली होते; ज्ञानेश्वर, तुकाराम यांसारख्या संतांची नोंद त्यांच्या प्रचलित नावाखाली करतात.

वर्णक्रमाचाही प्रश्न असतो. शालेय वर्णमालेत ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात. त्यांना जोडाक्षरे मानल्यास ती अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या गटात जातात. ग्रंथालयाने एक क्रम स्वीकारून तोच कायम ठेवावा लागतो.

बाह्य सज्जता

शेवटी पुस्तकाच्या कण्यावर बोधांकाची चिठ्ठी व आत तारीखपत्रक चिकटविले जाते. संगणकीकृत ग्रंथालयात पट्टीसंकेत (बारकोड) लावतात. कमकुवत बांधणीची पुस्तके बांधणीसाठी पाठवितात. त्यानंतर पुस्तके काही दिवस नवीन ग्रंथांच्या मांडणीत ठेवून देवघेव विभागाकडे सोपविली जातात.

दिवाळी अंक

का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये सुरू केलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेमुळे मराठी ग्रंथालयांत दरवर्षी ठरावीक हंगामात मोठ्या संख्येने अंक येतात. मागणी तातडीची असल्याने त्यांची बहुधा संक्षिप्त नोंद करून ते लगेच देवघेवीसाठी काढले जातात. मात्र अंकातील लेखांची वेगळी नोंद न झाल्यास हंगामानंतर त्यातील कथा किंवा लेख शोधणे अवघड जाते.

कामाची व्यवस्था व संगणकीकरण

विद्यापीठीय व मोठ्या ग्रंथालयांत ग्रंथोपार्जन, तांत्रिक प्रक्रिया आणि देवघेव असे स्वतंत्र विभाग असतात. गावातील किंवा वसाहतीतील लहान ग्रंथालयात ही सर्व कामे बहुधा एकच ग्रंथपाल करतो. अशा ठिकाणी दाखल नोंदवही लेखापरीक्षणासाठी आवश्यक असल्याने अद्ययावत राहते, परंतु तालिकेचे काम मागे पडण्याचा धोका असतो. पुस्तकांची मोजणी तेव्हा अचूक येते. वाचकाला मात्र ग्रंथपालाच्या स्मरणावर विसंबावे लागते आणि ग्रंथपाल बदलला की तो आधारही जातो.

हे श्रम कमी करण्यासाठी अन्यत्र तयार झालेल्या नोंदी वापरता येतात. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’मध्ये १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची नोंद आहे, जुन्या ग्रंथांसाठी ती आजही उपयोगी पडते. ‘ई-ग्रंथालय’, ‘सोल’ आणि ‘कोहा’ या संगणकप्रणालींत एकदा भरलेल्या माहितीवरून लेखक, शीर्षक व विषय अशा सर्व अंगांनी शोध घेता येतो. मात्र जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत भरलेल्या मराठी नोंदी नव्या प्रणालीत नेताना त्यांचे रूपांतर करावे लागते. तसेच एकाच लेखकाचे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले गेल्यास संगणकही त्याची पुस्तके एकत्र दाखवू शकत नाही.

हे सुद्धा पहा

• ग्रंथालयशास्त्र
• दशांश वर्गीकरण पद्धती
• शि. रा. रंगनाथन
• महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७