का बरं? : आईचा आवाज आणि पोटातला गोळा

शाळेतून आलेलं पोर कुलूप उघडतं, दप्तर भिरकावतं आणि आधी कामावरच्या आईला फोन लावतं. घरात मोठं माणूस एकच असलं की हे रोजचंच.

भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. घटकाभर ठीक, पण गॅस मोठाच राहिला तर दूध उतू जाणारच, तशी मग झोप बिघडते. विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी 7 ते 12 वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांपुढे भाषण करायला, गणितं सोडवायला लावली. नंतर फोनवर आईचा नुसता आवाज ऐकलेल्यांचंही कॉर्टिसोल उतरलं, मिठी मिळालेल्यांप्रमाणेच. पुढच्या प्रयोगात लेखी मेसेजनं मात्र काही साधलं नाही.

‘एकट्या पालकाची मुलं नाजूक’ हे सरसकट विधान मला पटत नाही. पैशांची ओढाताणही बरीच छळते. धीर मात्र आवाजानंही येतो, तेव्हा कामात असलात तरी मेसेज नको, दोन मिनिटं बोलाच.