खोडसाळ कोणाला म्हणावे?

मराठी घरात एखाद्या मुलाला ‘खोडकर’ म्हटले की त्याची आई हसते. त्याच मुलाला शेजारणीने ‘खोडसाळ’ म्हटले तर ती कंबर कसून भांडायला उभी राहील. दोन्ही शब्दांच्या पोटात ‘खोडी’ एकच आहे, तरी एकात कौतुक आहे आणि दुसऱ्यात आरोप. गोकुळातल्या कृष्णाच्या आपण खोड्याच सांगतो. संत एकनाथांपासूनच्या गवळणींमध्ये यशोदेकडे त्याची गाऱ्हाणी येतात, पण त्या गाऱ्हाण्यांतला राग लटका असतो. कृष्णाला खोडसाळ म्हणायचे कुणाला सुचलेले नाही. खोडकर पोराला आपली खोडी उघडकीला यायलाच हवी असते, पळून जाण्यातली निम्मी गंमत मागे कुणीतरी धावत येण्यात असते. खोडसाळ माणसाला मात्र काहीही झाले तरी उजेडात यायचे नसते. कृत्य बारीक, हेतू वाईट आणि कर्ता आडोशाला, अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या की मराठी माणूस घरगुती बोलण्यात न चुकता ‘खोडसाळपणा’ म्हणतो. याच शब्दाला सार्वजनिक मराठीने मात्र पुरते सैल करून टाकले आहे. एकीकडे तो गंभीर गुन्ह्यांवर पांघरूण घालतो, तर दुसरीकडे अडचणीच्या प्रश्नांना काळे फासतो.

या शब्दाची नेमकी जागा कळायला त्याचे सोयरेधायरे पाहावेत. क्षुद्र द्वेषाच्या बाबतीत मराठी मुळीच गरीब नाही. ‘आकस’ मनात असतो आणि जन्मभर कृतीत न उतरताही राहू शकतो. ‘डूख’ धरला जातो, त्यात दुखावल्याची आठवण आणि योग्य वेळेची वाट पाहणे असते, म्हणून लोकसमजुतीने तो नागाला बहाल केला. ‘खुन्नस’ समोरासमोरची असते. मुंबईच्या नाक्यावर ती नुसत्या नजरेने ‘दिली’ जाते आणि पुढे हातघाईवर येऊन ‘काढली’ही जाते. खवचटपणा आणि कुजकटपणा जिभेवर राहतात. त्यातही खवचट माणूस हुशार असावा लागतो. कुजकट बोलायला तेवढीही पात्रता लागत नाही. काड्या करणाऱ्याला दोघांचे भांडण लावून स्वतः नामानिराळे राहायचे असते. मत्सर तर थेट षड्रिपूंत जाऊन बसलेला, त्याला क्षुद्र म्हणण्याची सोय नाही. या सगळ्या गोतावळ्यात खोडसाळपणा वेगळा पडतो, कारण तो भावनेचे किंवा बोलण्याचे नाव नसून केलेल्या कृत्याचे नाव आहे. कुणी कुणाबद्दल मनात खोडसाळपणा ‘बाळगत’ नाही. तो केला जातो आणि सापडतो तो बहुधा केल्यानंतर.

कसा सापडतो? गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर कागद लागतो, ‘उद्या पाणी येणार नाही’. रात्रीतून कुणीतरी शेवटच्या शब्दापुरती कागदाची कड फाडून नेते. सकाळी निम्मी इमारत बादल्या न भरता बसते आणि शिव्या चिटणिसाला पडतात. फाडणाऱ्याला यात दमडीचा लाभ नाही, उलट त्याच्याही नळाला पाणी नाही. पण घाव नेमका त्या एका शब्दावर बसला, तोही कुणी पाहत नसताना आणि दोष दुसऱ्यावर जाईल अशा बेताने. सगळा कागद फाटला असता तर वाऱ्याने उडाला म्हणता आले असते. हेतूचा पुरावा त्या नेमकेपणातच आहे.

इथे कुणालाही ‘ध चा मा’ आठवेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांच्या पत्रातल्या ‘धरावे’चे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकाच, कारण तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरले ते राघोबादादांना. पण भाषेच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. त्या कथेतही कृत्य एका अक्षराएवढे, हेतू वाईट आणि हात पडद्याआड आहे. तरीही आनंदीबाईंनी खोडसाळपणा केला, असे म्हणणारा मराठी माणूस सापडणार नाही. म्हणजे भाषा फक्त कृत्याचा आकार पाहत नाही, करणाऱ्याने परिणाम किती मोठा योजला होता हेही ती पाहते. जीव घेण्याच्या इराद्याने बदललेले एक अक्षर म्हणजे कट. आणि त्या अक्षरासाठी भाषेने स्वतंत्र वाक्प्रचारच घडवला, आयता असलेला सौम्य शब्द वापरला नाही. ही जाण अडीचशे वर्षांपूर्वीच्या प्रसंगावरून आजच्या बोलण्यात टिकून आहे, हे विशेष.

कायद्याने या भानगडीत पडताना वेगळी वाट धरली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४२५ चा गुन्हा, म्हणजे नुकसान करण्याच्या उद्देशाने किंवा ते होईल हे ठाऊक असताना दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करणे, मराठी अनुवादात ‘आगळीक’ झाला. दुसऱ्याची अंगठी मुद्दाम नदीत फेकणे हे त्या कलमाखालचे एक उदाहरण. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ ने घेतली आणि साध्या प्रकारातली कमाल कैद तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेली. अनुवादकांनी ‘खोडसाळपणा’ टाळला हे शहाणपणाचे झाले, कारण कायद्याला मालमत्तेचे नुकसान दाखवावे लागते आणि आपल्या शब्दाला त्याची गरज नाही. (बिचाऱ्या ‘आगळीक’चे नशीब मात्र विचित्र. कायद्याच्या पुस्तकाबाहेर ती बहुतेक वेळा सीमेवर शेजारी देशच करतो.)

सैलपणाची पहिली दिशा पोलिसी बातम्यांत दिसते. शाळेत, विमानतळावर किंवा रेल्वे स्थानकात बॉम्ब ठेवल्याचा फोन येतो, इमारत रिकामी होते, श्वानपथक फिरते, काही सापडत नाही आणि बातमी संपते ती ‘हा खोडसाळपणा असल्याचे निष्पन्न झाले’ या वाक्यावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना अशा शेकडो खोट्या धमक्या आल्या. विमाने दुसरीकडे वळवावी लागली, प्रवासी तासन्‌तास ताटकळले. एवढी भीती आणि एवढा खर्च घडवणाऱ्या कृत्याला, फाटलेल्या सूचनेला लावतो तोच शब्द लावला की गुन्हेगाराची शिक्षा भाषेनेच निम्मी माफ केली असे होते. पुतळ्यांच्या विटंबनेचे, दंगल पेटवण्यासाठी पसरवलेल्या बनावट चित्रफितींचेही तेच. तिथे ‘कट’, ‘धमकी’, ‘चिथावणी’ असे सरळ शब्द हाताशी असताना खोडसाळपणा कशाला?

दुसरी दिशा मला अधिक घातक वाटते. एखादी बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी खुलासा येतो की ‘सदर वृत्त खोडसाळपणाचे व बदनामीकारक आहे’. वृत्त खोटे आहे, असे तो म्हणत नाही. ते म्हटले तर आकडा द्यावा लागेल, कागद दाखवावा लागेल. खोडसाळ म्हटले की विषय वृत्तावरून वार्ताहराच्या मनावर जातो आणि मनाचा पंचनामा कुणाला करता येतो? माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांनाही ही पदवी सर्रास मिळते. वास्तविक २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ६(२) नुसार अर्जदाराकडून माहिती मागण्याचे कारण विचारताच येत नाही. अर्जदाराचा हेतू शुद्ध आहे की त्याला साहेबांचा जुना हिशेब चुकता करायचा आहे, हे कायद्याने जाणूनबुजून गैरलागू ठरवले आहे. रस्त्यावर किती डांबर पडले, याचे उत्तर विचारणाऱ्याच्या स्वभावाने बदलत नाही.

यावर कुणी म्हणेल, हेतू दिसतच नसेल तर हा शब्द नेहमीच अंदाजाचा, मग तो वापरूच नये. हे मला पटत नाही. फाटलेल्या कागदाने दाखवले तसा हेतू खुणा ठेवतो. घाव नेमका असतो, वेळ साधलेली असते, लपवाछपवी असते आणि करणाऱ्याला फायदा काहीच नसतो. या खुणा दाखवता येत असतील तर शब्द खुशाल वापरावा. दाखवता येत नसतील तर तो निव्वळ शिवी उरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शब्द बदलतातच, त्यांच्यावर पहारा कशाला? ‘व्रात्य’ हा वैदिक शब्द, अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात त्याचा गौरव आहे. धर्मशास्त्रात तो उपनयन संस्कार चुकलेल्यासाठी आला आणि आज आपण भिंतीवर रेघोट्या ओढणाऱ्या पोराला व्रात्य म्हणतो. त्यात कुणाचे काही बिघडले नाही, हे मान्य. पण तो अर्थ सगळ्यांच्या तोंडी मिळून बदलला. खोडसाळपणाचा घरगुती अर्थ आजही जागच्या जागी आहे. सैल झाला आहे तो खुलाशांत, पत्रकांत आणि पोलिसी निवेदनांत. हा बदल वापरातून आला त्याहून अधिक सोयीतून आला आणि ती सोय बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेल्याची आहे.

एक गोष्ट कबूल करायला हवी. खोटी बातमी खरोखर द्वेषाने पेरली जाते आणि ज्याच्यावर ती बेतते त्याला चिडून हा शब्द उच्चारण्याचा पुरेपूर हक्क आहे. पण त्याने आधी बातमी खोटी असल्याचे दाखवावे. ‘बैठक १२ तारखेला झालीच नाही, हे इतिवृत्त पाहा’ असे म्हटल्यावर खोडसाळ हे विशेषण शोभून दिसते. इतिवृत्ताशिवाय ते आले तर उपसंपादकांनी ते खुशाल कापावे, आणि कापले गेले नाही तर वाचकांनी त्या पत्रकात पुढे एकतरी तारीख, आकडा किंवा कागद दिला आहे का, तेवढे शोधावे.