शीर्षकगीत रोज वाजते, पैसे कुठे जातात?

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास मराठी घरात स्वयंपाकघरातल्या माणसाला टीव्ही दिसत नसतो, नुसता ऐकू येत असतो. पोळी तव्यावर असते आणि बाहेरच्या खोलीतून शीर्षकगीताचे सूर येतात. 'अगं, सुरू झाली!' अशी हाक येते आणि गॅस बारीक होतो. 'आभाळमाया' किंवा 'वादळवाट'मध्ये कोणी कोणाशी लग्न केले हे आज विचारले, तर आपण चाचपडू. पण अशोक पत्कींची चाल आणि मंगेश कुलकर्णींचे शब्द मात्र अजून ओठांवर आहेत.

आता थोडा हिशेब करू. आठवड्याचे सहा दिवस चालणारी मालिका वर्षाला सुमारे 300 भाग दाखवते. तीन वर्षे चालली तर 900. शिवाय दुपारचे पुनःप्रसारण आणि हल्ली मोबाइलवर हवे तेव्हा पाहण्याची सोय. जितक्या वेळा मालिका, तितक्या वेळा ते गीत. ते बांधणाऱ्याला पैसे किती वेळा मिळायचे? आपल्याकडची पूर्वापार पद्धत अशी, की एकदाच! रेकॉर्डिंग झाले, पाकीट हातात पडले, विषय संपला. या पाकिटाला आपण मानधन म्हणतो. शब्द मोठा गोड आहे. त्याच्या गोडव्यात रॉयल्टीचा, म्हणजे स्वामित्वधनाचा, विषय काढायची पुढे लाज वाटते.

पाकिटाबरोबर एक कागदही यायचा. 'सर्व हक्क, साऱ्या जगासाठी, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी.' अशा कागदावर माणसे कशी सही करतात, असे कुणाला वाटेल. बँकेत जामीनदाराच्या अर्जावर सह्या घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. न वाचता सही करणारा माणूस हा नियम असतो, वाचणारा अपवाद. त्यात संगीतकाराला काम हवे असते. दाराबाहेर दुसरे चार उभे असतात.

कायदाही बरीच वर्षे पाकीटवाल्यांच्या बाजूने होता. गीतकार-संगीतकारांच्या वतीने पैसे वसूल करण्यासाठी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' म्हणजे आयपीआरएस ही संस्था 1969 मध्ये स्थापन झाली. तिने दर जाहीर करताच निर्मात्यांनी हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1977 मध्ये निकाल लागला: निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले असेल, तर वेगळा करार नसताना पहिला मालक निर्माताच. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपली एक पुरवणी जोडली. गाणाऱ्याच्या गळ्याला आपला कायदा काहीच देत नाही, हे त्यांना खटकले होते आणि संसदेने त्याचा विचार करावा, असे त्यांनी सुचवले. संसदेने विचार केला, पण सावकाश! गायक-वादकांचे हक्क कायद्यात आले ते 1994 च्या दुरुस्तीने. तेही असे, की चित्रपटासाठी गायला एकदा होकार दिला की त्यापुरते ते संपलेच.

हा झगडा मुळात लता मंगेशकरांनी साठच्या दशकात सुरू केला होता. गायकालाही रॉयल्टी हवी, हा त्यांचा हट्ट. एकदा गायलो, पैसे घेतले, आता हक्क कसला, हे महंमद रफींचे म्हणणे. काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. रफींची निरिच्छता मला फार सुंदर वाटते, पण बाजू लताबाईंचीच बरोबर होती. निरिच्छ असणे हा मोठ्या कलावंताचा विशेषाधिकार आहे. कोरसमध्ये गाणाऱ्या बाईला तो परवडत नाही.

खरी कलाटणी मिळाली 2012 मध्ये. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या विषयावर तळमळीने बोलले. मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली. तिचा गाभा असा: चित्रपटगृहात चित्रपट दाखवला जातो तेवढे सोडून, टीव्ही, रेडिओ वा इतर कुठेही गाणे वापरले गेले, तर रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा. हा वाटा त्याला सोडून देता येत नाही. वारसाला किंवा वसुली करणाऱ्या संस्थेला तेवढा देता येतो. म्हणजे पाकिटाबरोबरच्या कागदावर काहीही छापा आणि त्याने खुशाल सही करो, हा हक्क त्याच्यापाशीच राहतो. गरजू माणसाला त्याच्याच सहीपासून वाचवणारा असा कायदा क्वचित पाहायला मिळतो. वसुली करणाऱ्या संस्थेच्या कारभारातही लेखक-संगीतकार आणि मालक यांची संख्या समान हवी, असे त्याच दुरुस्तीने ठरवले. आयपीआरएसची नव्याने नोंदणी 2017 मध्ये झाली.

पण कायदा झाला म्हणून वसुली झाली, असे होत नाही, हे बँकवाल्याला वेगळे सांगायला नको. ध्वनिमुद्रणाच्या मालकाला पैसे दिले की आमचे देणे फिटले, असे एफएम रेडिओ कंपन्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये ते फेटाळले. कायदा होऊन तोवर जवळजवळ अकरा वर्षे उलटली होती.

टीव्हीच्या बाबतीत खरी मेख एका साध्या तक्त्यात आहे. त्याला 'क्यू शीट' म्हणतात. कार्यक्रमात कोणते संगीत, किती सेकंद, शीर्षकासाठी की पार्श्वभूमीला, चाल कोणाची, शब्द कोणाचे, हे त्यात लिहायचे. त्यावरून वाटप होते. शीर्षकगीताचा कर्ता निदान माहीत असतो. पण सासू जिन्यावरून उतरताना जो धडधडता तुकडा वाजतो, तोही कुणीतरी बांधलेला असतो आणि त्यालाही हक्क आहे. तक्त्यात त्याचे नाव नसेल, तर पैसे येऊनही पोचत नाहीत. बँकेत याला सस्पेन्स खाते म्हणतात: रक्कम आहे, धनी सापडत नाही. आमच्या वेळी वर्षअखेरीला ती खाती निकालात काढताना जीव मेटाकुटीला यायचा.

सर्वांत मागे राहिले वादक. हिंदी चित्रपटसंगीतातली व्हायोलिनची ती भरती ज्यांनी आणली, त्यांत कितीतरी गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. वाद्यमेळाची मांडणी त्यांची, पण पैसे दिवसाच्या कामाचे. गायकांनी 2013 मध्ये 'इस्रा' ही संस्था काढली, लताबाईंचा तिला पाठिंबा होता. पुढे तिच्या नावात वादकही आले आणि ती 'इसाम्रा' झाली. नाव मिळाले हे बरेच. पण कोणत्या ध्वनिमुद्रणात कोण वाजवत होते, याच्या नोंदी कुठून आणायच्या?

म्हणून वाचकांपैकी कुणाच्या घरात गीतकार, संगीतकार होऊन गेले असतील, तर त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गीत-संगीताचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे असतो. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत जिवंत आहे. तो कोणाकडे, किती, हे प्रत्येक करारावर ठरते. तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडा. जुने करार, मानधनाच्या पावत्या, रेकॉर्डिंगची पत्रे रद्दीत घालू नका. रचनांची यादी करा. नावे नेमकी लिहा, टोपणनाव असेल तर तेही. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद एकत्र ठेवा आणि संस्थेत अर्ज करा. आणि घरात कुणी आज मालिकांना संगीत देत असेल, तर त्याला जेवताना एवढेच विचारा, की क्यू शीटवर तुझे नाव घातले का आणि ते तू स्वतः पाहिलेस का.